भागीची नऊ वर्षं

शनिवार, ६ एप्रिल १९९६. मुहर्रक

आज यादी टाइप केली. ताहिर साहेबांनी सकाळी केबिनमध्ये बोलावून हेड ऑफिसचा सर्क्युलर हातात दिला. आजवर इथे आखातात आमच्या फ्लाइट किचनमध्ये वयाचं कुणी विचारत नव्हतं. माणूस चालता-बोलता आहे तोवर ड्यूटी. आता इथल्या कायद्यात निवृत्तीचं जे वय आहे तेच आम्हा बाहेरून आलेल्यांनाही लावणार. पुरुषाला साठ, बाईला पंचावन्न. १ जूनपर्यंत ज्यांचं वय भरतंय त्यांची शेवटची ड्यूटी ३० मे.

साहेब म्हणाले, "शामराव, फाइल निकालो, लिस्ट बनाओ, यल्ला, जल्दी."

पुरुषांत एकही नाव निघालं नाही. बायकांत दोन निघाली. टेलिफोन आणि फॅक्स सांभाळणारी वसईची सेलिन. दुसरं नाव भागीरथा शामराव ओव्हाळ, ट्रे सेक्शनची सुपरवायझर, जन्म १ जून १९४१. म्हणजे माझी बायको.

टाइप करताना माझा हात थांबला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. एकोणीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढली ती काय उगाच? नियम म्हणजे नियम. सही घेतली, नोटिस बोर्डावर लावली, आणि मग टॉयलेटमध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. उकाडा आत्ताच वाढलाय.

रविवार, ७ एप्रिल

भागीला मी सांगायच्या आधीच किचनमध्ये कळलं होतं. घरी आली, चपला काढल्या, पाणीसुद्धा प्यायली नाही.

"अवो, मी एक्कावन्न वर्सांची हाय. पंचावन्न कुठनं आले?"

तिला ठाऊक नाही असं नाही. तरी विचारते.

आता डायरीशी काय लपवायचं. १९७७ साली भायखळ्याच्या एजंटाने सांगितलं, क्लार्कसोबत बायकोलाही किचनमध्ये घेतील, पण बाई पस्तिशीच्या पुढची पाहिजे. भागी होती बत्तीसची. मी फॉर्मवर १९४५ च्या जागी १९४१ लिहिलं, ॲफिडेव्हिट केलं, काम झालं. दोघं आलो. पोराला, अश्वजितला, तिच्या आईपाशी ठेवलं, तो शिकला, आज पुण्यात इंजिनिअर आहे. यात वाईट काय झालं?

माझं उलटं. मी खरा १९३८ सालचा. पण बार्शीजवळच्या आमच्या गावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालतानाच १९४२ साल लावलं. "पोराला पुढं सरकारी नोकरीत चार वर्षं जास्त मिळतील," म्हणाले. देवमाणूस. त्यामुळे कागदावर बायको माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. ऑफिसात यावरून पूर्वी खूप चेष्टा व्हायची, मीही हसायचो.

तर हिशेब असा, की भागी आता घरी आणि मी २००२ पर्यंत खुर्चीवर.

"मग सायबाला खरं सांगा की," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं येडी का काय? खोटा फॉर्म कुणी भरला असं विचारतील. पर्सोनेलचाच माणूस खोटा निघाला तर दोघांनाही विमानात बसवतील. आणि तुला सांगू का, बाईला पाच वर्षं आधी विश्रांती, हे कायद्याने चांगलंच केलंय. घरी बस, आराम कर, मला दुपारी गरम भाकरी दे."

तिने चपला उचलून जागेवर ठेवल्या. माझं म्हणणं पटलं असावं.

मंगळवार, ९ एप्रिल

सेलिनने आज सगळ्यांसमोर धरलं मला.

"शामराव, तुमच्या स्टोअरचा रॉनी अठ्ठावन्नचा. जिना चढला की खांबाला धरून उभा राहतो. तो दोन वर्षं आणखी चालणार. मी धडधाकट, चाळीस एक्स्टेन्शन तोंडपाठ, मी जायचं. आमची तब्येत काय पंचावन्नाव्या बर्थडेला खलास होते?"

मी म्हणालो, "कायदा मी केला नाही, बाई."

"केला नाही, पण टाइप किती छान केलात!" म्हणाली आणि हेडफोन लावून बसली.

बायकांना नोकरीपेक्षा बोलायची हौस जास्त. पण रॉनीचं मात्र खरं आहे. मीच त्याची सिक लीव्ह मोजतो.

शुक्रवार, १२ एप्रिल

सुट्टी. भागी सकाळपासून पत्र लिहीत बसली होती. भावाला, रावजीला. काना-मात्रा चुकतात, अक्षर ज्वारीच्या दाण्यासारखं सुटं सुटं, पण लिहिते स्वतः. मी म्हणालो, "दे, मी लिहून देतो." तर वहीवर हात आडवा धरला.

नंतर स्वतःच सांगितलं. चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला मागवलाय. त्यात १२ फेब्रुवारी १९४५ अशी तारीख आहे.

"दाखला आला की आपण दोघं मिळून सायबाकडं जाऊ. म्हणू, चूक झाली. एकोणीस वर्सं इमानदारीनं काम केलंय, फासावर देत न्हाईत."

मी हो म्हणालो. शाळेची जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्लेली असतात. दाखला कुठला मिळतोय?

बुधवार, १ मे

मिळाला.

कंपनीचं सगळं टपाल माझ्याच टेबलावर येतं, मी वाटतो. आज गनी ड्रायव्हरने पोस्टातून पिशवी आणली, त्यात बार्शीचं रजिस्टर पाकीट. भागीच्या नावाचं. सोबत पोचपावतीचं गुलाबी कार्ड, त्यावर मी रोजच्यासारखी सही केली आणि गनीने ते परत नेलं.

पाकीट उघडलं. नवऱ्याने उघडलं तर त्यात गुन्हा नाही. दाखला अस्सल. हेडमास्तरची सही, गोल शिक्का, कुमारी भागीरथा, इयत्ता चौथी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली.

दहा मिनिटं कागदाकडे बघत राहिलो. मग वाटलं, देऊन टाकावा. मग वाटलं, हा कागद साहेबांच्या टेबलावर गेला की पहिला प्रश्न माझ्यावर. एक वय उघडलं की दुसरंही उघडतील. शामराव, तुमचं खरं किती हो? अठ्ठावन्न! मग २००२ कुठलं, उरली दोनच वर्षं, तीही ठेवलं तर. दोघांची पोळी एकदम करपण्यापेक्षा एकाची तरी शाबूत राहिलेली बरी. हा विचार तिच्याच भल्याचा आहे.

पाकीट माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, जुन्या लीव्ह फॉर्मांखाली. फेकलेलं नाही. ठेवलंय.

शुक्रवार, ३ मे

बुद्धपौर्णिमा. सनद भागातल्या शुभदाताईंच्या फ्लॅटवर आपली तीसेक माणसं जमली होती. वंदना दरवर्षी मीच सांगतो, माझा आवाज खडा आहे. पंचशील घेताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या मुसावादापाशी, मला ठसका लागला तो थांबेचना. एसी फार होता. पुढचं भागीने सांगितलं. स्वच्छ, न अडखळता. सगळे म्हणाले, वहिनींचा आवाज किती छान.

परत येताना बसमध्ये विचारते, "रावजीचं काय आलं न्हाई अजून?"

"अगं, इंडियाची पोस्ट. इंशाल्ला येईल."

बुधवार, ८ मे

रोज तेच. चपला काढायच्या आधी, "आज पोस्ट काय आली?" मी म्हणतो, "मफी, काही नाही." ती मान हलवते आणि स्वयंपाकाला लागते.

आज एका फाइलवर सही घ्यायला किचनमध्ये गेलो होतो. डोक्याला जाळीची टोपी लावून भागी पट्ट्याशी उभी. चारशे ट्रे समोरून सरकत होते. ती बोलत होती शेजारच्या नेपाळी पोराशी, आणि बोलता बोलता हात घालून एक ट्रे बाहेर ओढला. चमचा नव्हता. मी शंभर वेळा बघितलं असतं तरी दिसला नसता. मागे गनी कुणाला तरी सांगत होता, "ये भागी मॅडम के मिस्टर हैं."

एकोणीस वर्षं इथे आहे मी. पर्सोनेल क्लार्क म्हणून कुणी ओळखत नाही, मॅडमचे मिस्टर! ती घरी बसली की हे तरी थांबेल.

हे खोडून टाकणार होतो. राहू दे.

शुक्रवार, १७ मे

भागी दुपारी फोनकार्ड घेऊन रावजीला फोन करायला खाली गेली. वीस मिनिटांनी वर आली.

मी विचारलं, "काय म्हणाला रावजी?"

"दाखला पाठवलाय म्हणला."

"पाठवला? मग पोस्टाने खाल्ला वाटतं. मी उद्याच चौकशी करतो."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "करा."

बस, एवढंच. मी उगीचच घाबरलो होतो.

मंगळवार, २१ मे

चार दिवस झाले, भागी पोस्टाचं विचारत नाही. सुटलो म्हणायचं. नाद सोडला असणार. बायकांचं असंच असतं, डोक्यात शिरलं की शिरलं, आणि गेलं की गेलं.

मी तिला माझ्या फॅमिली व्हिसावर घ्यायचा फॉर्म भरून ठेवला. फक्त तिची सही हवी. तिने फॉर्म वाचला. एकेक ओळ बोट लावून वाचली. म्हणाली, "असू द्या तिथं."

सेलिन मात्र कालपासून मला गुड मॉर्निंगसुद्धा घालत नाही. नोकरी जाते म्हणून माझ्यावर राग. मी काय करणार?

गुरुवार, २३ मे

ताहिर साहेबांनी विचारलं, "शामराव, लिस्ट वाली फाइल में कुछ लगाना बाकी है?"

"नहीं साहब. सब कम्प्लीट."

"अच्छी तरह देख लो. अभी टाइम है."

काय माणूस आहे! इतक्या वर्षांत माझ्या फाइलीत एक टाचणी कमी निघालेली नाही. पण त्यांनी विचारताना पेन खाली ठेवलं होतं. ते पेन कधी खाली ठेवत नाहीत. रात्री झोप नीट लागली नाही.

सोमवार, २७ मे

भागीने आज शेंगदाण्याची चटणी, वांगं, कडक भाकरी असं सगळं माझ्या आवडीचं केलं. वाढून समोर बसली. स्वतःचं ताट घेतलं नाही.

"जेव की."

"जेवते. तुमाला काय सांगायचं हाय का मला?"

दाखला म्हणावा असं अगदी ओठावर आलं होतं. खरंच आलं होतं. भागी, चुकलो, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण एकदा बोललो की सगळं पहिल्यापासून बोलावं लागणार. १ मेपासून. रोजच्या मफीपासून.

मी म्हणालो, "वांग्यात मीठ कमी आहे."

ती उठली, मीठ आणलं, ठेवलं.

बुधवार, २९ मे

ठरवलं. उद्या देतो. सांगायचं, पाकीट चुकीच्या फाइलीत गेलं होतं, आज सापडलं. कुणाला कळणार आहे? भागीही खूश, साहेबही खूश, आणि सापडवलं कुणी, तर मी. हे आधीच का सुचलं नाही!

गुरुवार, ३० मे

अर्धा दिवस. सेलिनचा निरोप झाला. केक होता. भागीने निरोप घ्यायला नकार दिला, सेक्शनमधल्या पोरी रडत होत्या म्हणे आणि ही त्यांना ओरडत होती, की दोन वाजताच्या फ्लाइटचे ट्रे अजून का लागले नाहीत.

साडेअकराला मी पाकीट शर्टाच्या आत घालून ताहिर साहेबांच्या दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं. साहेबांनी फोनवर बोलता बोलता मला बघितलं, हाताने ये ये केलं आणि फोन ठेवूनसुद्धा दिला. सांगायचं वाक्य तोंडपाठ होतं, तेच आठवेना. मी म्हणालो, "साहब, केक लाऊँ?"

साहेब म्हणाले, "बस? केक?"

"जी."

"नहीं चाहिए."

पाकीट परत ड्रॉवरमध्ये. शनिवारी नक्की. शनिवारी दिलं तरी एक दिवसाने काय बिघडतंय?

सेलिन जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. मला वाटलं, शेकहँड करेल. म्हणाली, "मला कुठलाच कागद वाचवत नव्हता, शामराव. पंचावन्न ते पंचावन्नच. पण जिला वाचवत होता तिला तरी…" आणि पुढचं न बोलताच गेली. मला त्याचा अर्थ लागेना. डोकं नुसतं भणभणतंय.

शनिवार, १ जून

आज सकाळी भागी नेहमीच्या वेळी उठली आणि युनिफॉर्म घालून निघाली. मी म्हणालो, "अगं, तुझी ड्यूटी संपली." म्हणाली, "चला तर."

ऑफिसात पाय ठेवताच साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर दोन फॅक्स पडले होते. पहिला भागीचा शाळेचा दाखला. दुसरा पोस्टाच्या पोचपावतीचा, १ मे, आणि खाली ठसठशीत मराठी सही. शा. गो. ओव्हाळ.

"ये साइन आपका है?"

माझी सही सगळ्या कंपनीला पाठ आहे. हो म्हणालो.

पोचपावती बार्शीला परत गेली आणि रावजीने तिच्यावर माझी सही बघितली. फोनवर त्याने बहिणीला तेच सांगितलं. मग बार्शीच्या बूथवरून पोचपावती आणि दाखल्याची त्याच्याकडची झेरॉक्स, दोन्ही कागद फॅक्स केले, आणि फॅक्स मशीन सेलिनच्या ताब्यात. किती सरळ होतं सगळं! वर्षानुवर्षं पोचपावत्यांवर सह्या करणारा मी, ती परत कुठे जाते एवढंही मला सुचू नये?

"ओरिजिनल?" साहेबांनी हात पुढे केला.

ड्रॉवरपर्यंत जाऊन आलो. पाकीट दिलं. त्यांनी भागीच्या फाइलला लावलं. जन्मतारीख दुरुस्त, ड्यूटी फेब्रुवारी २००० पर्यंत चालू, हेड ऑफिसचं ओके आधीच आलेलं. मग माझं. चुकीची तारीख ही जुनी गोष्ट, ती माफ. पण स्टाफचं रजिस्टर टपाल उघडून महिनाभर दाबून ठेवलं, हे माफ नाही. राजीनामा दिला तर सर्व्हिस सर्टिफिकेट चांगलं मिळेल. शेवटची तारीख ३० जून.

मी विचारलं, "साहब, ये फॅक्स कब आया?"

"बाईस तारीख को मेरे पास आया. मैडम खुद लेके आयी."

"फिर आपने… आज तक?"

साहेबांनी पेन उचललं. "घर पे पूछो, शामराव."

राजीनामा मीच टाइप केला. दुसरं कोण करणार, टायपिस्ट मीच.

रविवार, २ जून

काल घरी आल्यावर जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. माझ्या बाजूने एक शब्द घालणार नाही.

मी ओरडलो आधी. चूक माझी आणि ओरडलोही मीच. म्हणालो, "नवऱ्याची नोकरी घालवलीस. चार वर्षं वय वाढवलं म्हणून एवढा सूड?"

भागी भाजी निवडत होती. थांबली नाही.

"वयाचं मला कवाच काय वाटलं न्हाई. वाढवलं तर वाढवलं, पोटासाठी वाढवलं. चार वर्सं तुमी घेतली, पाच कायद्यानं घेतली. कायद्याचं तोंड मला दिसत न्हाई, तुमचं रोज दिसतं. तरी बोलले न्हाई. पण त्या ॲफिडेविटावर तुमी माझा अंगठा घेतला."

तिने दुसरी जुडी पुढे ओढली.

"चौथी पास होते मी. आमच्या वस्तीत शाळेत जानारी पयली पोरगी. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून बापानं गुरं राखायची सोडवून शाळंत घातलं. मी पेन हातात घेतलं आनि तुमी ते काढून घेतलं. सही केली तर शाळंचा दाखला मागतील म्हनला. वकिलाच्या फुडं माझा अंगठा धरून शाईत बुडवला. कागदावर मी अडाणी. एकोणीस वर्सं फाइलीत मी अडाणी. फाइल तुमच्याच कपाटात. एकदा तरी काढून बघितली?"

बघितली होती. दर वर्षी रिन्यूअलला बघायचो. या डायरीत ॲफिडेव्हिट केलं एवढंच लिहिलं, अंगठ्याचं लिहिलं नाही. मला ती कधी मोठी गोष्ट वाटलीच नव्हती, हे खरं. आणि आता तिच्यासमोर बसल्यावर मला लाज वाटली, हेही खरं. इतकी की पायाखालची फरशी बघत बसलो.

मग माझं अवसान गळालं. मी म्हणालो, "भागी, मी अठ्ठावन्नचा झालो. तिकडं जाऊन काय करू? तुला कंपनी अरादच्या लेडीज क्वार्टर्समध्ये ठेवील, तुझं भागेल. बायकोच्या व्हिसावर नवऱ्याला राहता येत नाही. मी एकटा त्या घरात काय करू? तू ताहिर साहेबांकडे एकदा शब्द टाक. तुझं ऐकतात ते. एकदाच टाक."

तिने निवडलेली भाजी धुवून घेतली, हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते तिचे. मला वाटलं, साहेबांकडे जाईल. नक्की जाईल.

"टाकला होता," ती म्हणाली. "बावीस तारखेला. सायेब त्याच दिवशी तुमाला बोलावनार हुते. मी हात जोडले. म्हणलं, आठ दिवस द्या, माझा मालक सोताहून आणून देईल."

आज पहाटे ती ड्यूटीवर गेली. सकाळची शिफ्ट आहे.